न विचारता लावलेली पायरी

चूक माझीच. नई सडकेवरच्या आमच्या स्कूटर मेकॅनिकला मी चार लोकांसमोर झापलं. हा माणूस कामापुरतंही बोलत नाही, नुसती मान हलवतो. त्या दिवशी त्याने न विचारता माझ्या स्कूटरला लोखंडी पायरी वेल्ड करून टाकली होती.

"किसने बोला था? तुम्हारे बाप की गाड़ी है?" मी ओरडलो.

तो खाली बघत हात पुसत राहिला. सोबत आलेली आई एरवी दुखऱ्या गुडघ्यांमुळे स्कूटरवर चढताना माझ्या खांद्याला लोंबकळते; त्या दिवशी ती त्या पायरीवर पाय ठेवून एकटी चढली.

तोंड उघडायला काय झालं होतं त्याला! पण खरा संताप माझ्यावरच होता. काल सगळ्यांसमोर म्हणालो, "भैया, माँ के घुटने तुमको दिखे, मुझको नहीं. माफ करो."