पाहुण्यांसाठी चालू केलेल्या मशिनी

शेडमधल्या पत्रा कापणाऱ्या सगळ्या प्रेस मशिनी चालू होत्या. गेटवरच त्यांचा धाडधाड आवाज कानावर आला. आत गेलो तर दारावर झेंडूचं तोरण, जमीन धुतलेली, प्रत्येक मशीनला हळदकुंकू आणि प्रत्येक मशीनवर माणूस. निळ्या गणवेशांना कडक इस्त्री. अंबरनाथच्या एमआयडीसीत इतका सजलेला कारखाना मी फक्त खंडेनवमीला पाहिलेला आहे.

एरवी हे बघून मला बरं वाटलं असतं. पण त्या दिवशी दिल्लीहून सरकारी अधिकारी येणार होते आणि ते येणार होते या कारखान्याचं नुकसान बघायला. त्यांना दिलेल्या अर्जात मीच लिहिलं होतं, की निम्म्याहून जास्त मशिनी बंद आहेत आणि बरेच कामगार कमी करावे लागले आहेत.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. एखादी वस्तू बनवायला नेमका किती खर्च येतो, हे काढून देणारा माणूस. राहतो बदलापूरला, कात्रपमध्ये. नोकरी संपल्यावर मी कारखानदारांचे अँटी-डंपिंगचे अर्ज तयार करायला लागलो. डंपिंग म्हणजे काय, तर परदेशी कारखानदार स्वतःच्या देशात ज्या भावाने माल विकतो, त्याहून स्वस्तात तो आपल्याकडे आणून ओततो. आपला ग्राहक खूश होतो, आपला कारखाना आडवा होतो. मग सरकार त्या मालावर जादा कर लावू शकतं. मागितला म्हणून मात्र लावत नाही. तुम्हाला खरंच लागलंय, हे आधी दाखवावं लागतं. या लागण्याला आमच्या धंद्यात ‘इंज्युरी’ म्हणतात. अर्ज केला की अधिकारी कारखान्यात येऊन जखम डोळ्यांनी बघतात. आता डॉक्टरकडे जाताना कोणी गालाला लाली लावून जातं का? आमच्या कारखान्याने लावली होती.

कारखाना शोभाताई जाधवांचा. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यावर जो तांब्याचा ठिपका असतो ना, त्याला रिवेट म्हणतात. ते आणि जीन्सचं धातूचं बटण, हा त्यांचा माल. ताई आधी एका मोठ्या कंपनीत टूलरूमला होत्या, म्हणजे डाय आणि साचे बनवायच्या विभागात. ती कंपनी बंद पडली आणि मशिनींचा लिलाव झाला. त्याच मशिनींपैकी काही ताईंनी घेतल्या आणि बरोबरची माणसंही घेतली. लिलावात माणसं कोण घेतं? बाईंनी घेतली. मी त्यांना पहिल्यापासून मानतो, ते त्यामुळे.

“ताई, हे काय चाललंय?” मी जवळजवळ ओरडलोच. आवाजच तेवढा होता.

“मीही आत्ताच आले, सावंतसाहेब,” ताई म्हणाल्या. “भोईरमामांना विचारा.”

भोईरमामा म्हणजे सुपरवायझर. बदलापूर गावातले. नवं धोतर नेसून पूजेला बसावं तसे प्रसन्न दिसत होते.

“मामा, ही माणसं कुठून आणलीत? यांना तर काढलंय!”

“मीच फोन केला सगल्यांना. बिनपगारी आलेत, सायेब.”

“अहो, पण का?”

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी अचरट बोललो होतो. “दिल्लीचे पावने येनार आनि घर बंद ठेवाचा? लाज हाय का नाय?”

चूक माझीच म्हणा ना. आमच्याकडे गिऱ्हाईक येवो की बँकेचा मॅनेजर, माणूस बघायला आला की सगळ्या मशिनी चालू दिसल्या पाहिजेत, हा जुना रिवाज. मंदी असली तरी ती घरातली गोष्ट. मी ताईंना ‘व्हिजिट आहे’ एवढंच सांगितलं होतं. ताईंनी मामांना तेवढंच सांगितलं. मामांनी पुढचं सगळं रीतसर केलं.

“बंद करा आधी,” मी म्हणालो. “सगळ्यांना मागच्या दाराने पाठवा. तोरणही काढा.”

ताईंनी शेडवरून नजर फिरवली. प्रेसवरच्या बायका ताईंकडे बघून हसत होत्या. कित्येक महिन्यांनी त्या मशिनींवर बसल्या होत्या.

“नाही,” ताई म्हणाल्या. “हे नाटक नकळत झालं. आता लपवलं तर ते ठरवून केलेलं नाटक होईल.”

“ताई, केस जाईल. जादा कराची ड्युटी लागली नाही तर उरलेल्या मशिनीही जातील. तुम्हीच म्हणाला होतात, दिवाळीपर्यंत ओढेन, पुढे नाही.”

“माहीत आहे.”

तेवढ्यात गेटवर गाडी थांबली.

दोन अधिकारी होते. मोठे साहेब चष्मेवाले, कमी बोलणारे. ते शेडच्या मधोमध उभे राहिले, एक चक्कर नजरेने मारली आणि हातातला अर्ज उघडला.

“मॅडम, यहाँ तो सब मशीन चल रही हैं.”

“हाँ सर,” ताई म्हणाल्या. “आज चल रही हैं. आपके लिए. कल से फिर बंद.”

मी डोळे मिटून घेतले. ताईंनी भोईरमामांच्या फोनसकट सगळं सांगून टाकलं. एक शब्द गाळला नाही.

साहेबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी फक्त विचारलं, “इनमें से कितने लोग अभी पेरोल पर हैं? बाकी लोग हाथ ऊपर करो.”

हात वर गेले. निम्म्याहून जास्त.

आणि मग त्या माणसाने जे केलं, ते मी इतक्या केसेसमध्ये पाहिलं नव्हतं. मशिनी बंद करायला लावल्या आणि हात वर केलेल्या एकेकाकडे जाऊन तो विचारू लागला, अभी क्या करते हो? एक जण कात्रपमध्ये पार्सलं पोचवत होता. एक नव्या टॉवरवर वॉचमन होता. एक बाई अंबरनाथ पश्चिमेला दोन घरी पोळ्या करत होती. एकाने नुसती मान खाली घातली. माझ्या अर्जात ‘रोजगारातील घट’ नावाचा एक रकाना होता. त्यात मी एक आकडा टाकला होता. तो आकडा इस्त्रीचे कपडे घालून समोर उभा होता. मला एकदम भरून आलं, हे कबूल करायला हरकत नाही.

साहेब संगीतापाशी आले. ती ताईंची जुनी प्रेस ऑपरेटर, चटपटीत बाई.

“आप?”

“उल्हासनगर में, सर. जीन्स का कारखाना है. बटण लगाती हूँ. आज छुट्टी लेके आई.”

“वहाँ बटन किसका लगता है?”

संगीता माझ्याकडे बघायला लागली. मी वर छताच्या पत्र्याकडे बघितलं.

“बाहर का,” ती म्हणाली. “चायना का.”

“वो महँगा हो गया तो?”

“तो सेठ पहले हम लोग को कम करेगा ना, सर.”

परदेशी बटणामुळे संगीताची इथली नोकरी गेली होती आणि त्याच बटणावर तिची तिथली नोकरी उभी होती. तिने मात्र इथल्या मशिनीची लाज राखायला तिथली रजा टाकली होती.

चहाला आम्ही केबिनमध्ये बसलो. ताईंनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, “सर, एक बात है. फॅन्सी बटन अर्जी में से निकाल दीजिए.”

मी टेबलाखालून पाय मारला. तो टेबलालाच लागला.

इथे थोडं सांगायला हवं. कर नेमका कोणकोणत्या मालावर लागणार, ते अर्जदार सुरुवातीलाच लिहितो. माझ्यासारखा सल्लागार ते जाळं होईल तेवढं मोठं टाकतो. रिवेट, साधं बटण, रंगीत मुलाम्याचं फॅन्सी बटण, सगळं आम्ही बनवू शकतो, असं मी लिहिलं होतं. जो माल इथे बनतच नाही, त्यावर संरक्षण मागता येत नाही. पण ‘बनवू शकतो’ हा शब्द लवचिक असतो.

“हमने बना के देखा है,” ताई म्हणाल्या. “जीन्स की धुलाई में काला पड़ता है. रिवेट हमारा अच्छा है, सादा बटन अच्छा है. उसपे टॅक्स लगाइए. जो हमको नहीं आता, उसके लिए उल्हासनगरवाला क्यों भरेगा?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “सोच लीजिए, मॅडम. बाकी कंपनियाँ भी हैं आपके साथ.”

“उनको मैं देखती हूँ.”

आणि बाईंनी बघितलं. अर्जात त्यांच्याबरोबर अजून चार कारखानदार होते. बातमी कळल्यावर ते खवळले. कर सगळ्यावर मिळत असताना अर्धा सोडून देणारी ही कोण शहाणी? ताई भांडल्या नाहीत. प्रत्येकाकडून त्याचं फॅन्सी बटण मागून घेतलं, उल्हासनगरच्या एका धुलाईवाल्याकडे जीन्सना लावून कापड विटवायला करतात तसं यंत्रात दगडांबरोबर फिरवून आणलं आणि पुढच्या मीटिंगला त्या पँटी टेबलावर मांडल्या. सगळी बटणं काळी ठिक्कर. ताईंचं स्वतःचं सर्वांत काळं होतं, आणि तेच त्यांनी पहिल्यांदा दाखवलं. त्यानंतर चौघांनीही फॅन्सी सोडायला होकार दिला.

मी दुरुस्तीचा अर्ज टाईप केला. माझ्या हिशेबाने केस लंगडी झाली होती.

निकाल आला तो रिवेट आणि साध्या बटणावर ड्युटी, ठरावीक मुदतीपर्यंत. फॅन्सी मोकळं. अहवालात रोजगाराच्या मुद्द्यावर भरपूर लिहिलं होतं. तोरणाचा उल्लेख नव्हता.

सगळी शेड काही पुन्हा भरली नाही. पार्सलवाला परतला नाही, पोळ्यांची बाई परतली. मशिनींच्या दोन रांगा चालू झाल्या, तिसरी अजून बंद आहे. मुदत संपायच्या आत फॅन्सी बटणाचा मुलामा जमवायचा म्हणून ताई तिथे डोकं फोडत असतात. उल्हासनगरचे सेठ आधी फोनवर तणतणले, “मेरी ही बाई, मेरी ही छुट्टी, और मेरे ही खिलाफ!” पण फॅन्सी बटण वाचवलं कोणी, हे कळल्यावर रिवेट ताईंकडूनच मागवायला लागले. उल्हासनगरात एवढं झालं म्हणजे मैत्रीच.

माझ्या लोकांना मी आता दोन गोष्टी आवर्जून सांगतो. व्हिजिट कसली आहे, ते सुपरवायझरपर्यंत नीट पोचवा. आणि कर मागायचा तर जे आपल्याला येतं तेवढ्यावरच मागा. दुसरी गोष्ट मी ताईंकडून उचलली आहे, पण फी मीच घेतो.

दुसरी रांग चालू झाली तेव्हा ताईंनी सगळ्यांत आधी संगीताला फोन केला. मी समोरच बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

“येतेस का परत? तुझी मशीन पुसून ठेवली आहे.”

पलीकडे शिलाई मशिनींचा कलकलाट चालला होता. संगीता आवाज चढवून बोलली.

“नको मॅडम. सेठने आता लाईन सांभाळायला दिलीय मला. इकडे बारा बायका आहेत माझ्या हाताखाली.” मग तिचा आवाज खाली आला. “पण ते दिल्लीवाले परत येणार असले ना, तर मला सांगा. मी रजा टाकून येते. मशीन बंद नाय दिसली पाहिजे आपली.”