चार वाजता उघडणारं फूल

गणपती गेले आणि देवगडच्या आमच्या सड्यावर, कातळावरच्या गवतात, मला एक जांभळं फूल दिसलं. नखाएवढं. पानं दोऱ्यासारखी. फोटो काढून रानफुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, "काकू, हा साधा केना आहे," आणि खाली हसरे चेहरे.

माझं डोकंच फिरलं. लहानपणापासून केन्याची भजी खाल्ली, तो मला ओळखता येऊ नये? केन्याच्या फुलाखाली होडीसारखं पान असतं, याला नव्हतं. तसं लिहिलं, तर दोघे जाणकार रविवारी सकाळी गाडी करून आले. सडा पालथा घातला. एक फूल दिसेल तर शपथ! मी घामाघूम, ते नम्रपणे हसत. चहा पिऊन गेले. शाळेत जन्मभर मुलांच्या चुका काढलेल्या बाईचं असं नाक कापलं गेलं.

शेजारीण सड्यावरचं गवत कापते. हापूसच्या पेट्यांत घालायला तेच लागतं. संध्याकाळी तिच्यापाशी रडगाणं गायले, तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो, सकाळी तां खंय दिसतला? चार वाजल्याशिवाय तां उघडत नाय. माका इचारलंस काय?"

नव्हतं विचारलं. तिला काय विचारायचं, असंच मला वाटलं होतं. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चारला गेले. सडा जांभळा झालेला! केना सकाळी उघडून दुपारी मिटतो, हे सकाळभर झोपून दुपारी जागं होतं. हे सगळं मी पुण्याच्या एका वनस्पतितज्ज्ञ बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "तुमचं म्हणणं पटतंय, पण पिकलेलं बी पाहिल्याशिवाय नाव देणार नाही."

बी पिकायला अजून तीन आठवडे होते आणि गवत कापायला आठ दिवस. रोप एका पावसाचं. विळा फिरला की वर्षभर मी केनावाली काकू. शेजारणीला गळ घातली. तिने जुन्या लुगड्याचा काठ फाडून चार दगडांना बांधला आणि म्हणाली, "हो तुकडो ठेवतंय. पण गवत कमी पडला तर तुझ्याकडचो पेंढो माका दिवचो लागतलो." सगळा सडा भादरला, मधे तेवढा चौकोन उभा. मी रोज जाऊन बोंडं चाचपत होते. पिकल्यावर बी कुंकवाच्या डबीत भरून पाठवलं.

परवा उत्तर आलं. केना नव्हेच! त्याच्या नात्यातलं, पण वेगळं, मर्डानिया सेमिटेरिस. मी ते नाव स्वयंपाकघरात तीनदा मोठ्याने म्हटलं. मग उत्तर जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं, खाली एक हसरा चेहरा. नमुन्याच्या चिठ्ठीवर गोळा करणाऱ्यांची नावं विचारली होती, तिथे शेजारणीचं पहिलं लिहिलं, माझं दुसरं.

रात्रीच्या आत त्या दोघा जाणकारांचा निरोप आला. पुढच्या वर्षी फूल बघायला यायचंय, किती वाजता येऊ? मी तो शेजारणीला वाचून दाखवला. तिने विळ्याची धार बोटाने बघितली.

"सकाळी आठांक बोलव," ती म्हणाली. "बसांदेत चारपर्यंत."

मी लिहिलं, "जरूर या. सकाळी आठला."