डायरेक्ट केलेली लाईन

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खरं आहे. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला मी उतरेपर्यंत घरातलं सगळं सांगून मोकळा होतो. पण एक गोष्ट आहे — ती बायकोला माहीत नाही, भावाला माहीत नाही. सिद्धेश्वराच्या देवळात हात जोडतो तेव्हासुद्धा ती मनात यायच्या आत मी मुलाच्या नोकरीचं मागून घेतो आणि घाईनं बाहेर पडतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. दुसरं कारण नाही.

मी वायरमन आहे. सगळा जन्म सोलापुरातच गेला. नाल्याचं पाणी शिरलेली घरं, शॉर्टसर्किटनं जळालेल्या खोल्या, वावटळीत पत्रे उडालेली घरं — अशा ठिकाणी गवंड्याच्या आणि रंगाऱ्याच्या आधी मला बोलावतात. घरात घोटाभर चिखल असू दे, भिंती गळत असू देत, पण बटण दाबल्यावर दिवा लागला की माणसाला वाटतं, चला, घर परत मिळालं. तो दिवा मी लावून देतो. मग म्हाताऱ्या डोक्यावर हात ठेवतात, गॅस भिजलेला असताना बायका कुठून तरी चहा करून आणतात, आणि गल्लीत कुणीतरी म्हणतं, मल्लूअण्णा आला म्हणजे काम झालं. हे ऐकायला मला फार आवडायचं. ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

ओल्या घराचा एक साधा नियम असतो. भिंत आतून वाळल्याशिवाय लाईन सोडायची नाही. वरून गिलावा कोरडा दिसतो, हाताला कोरडा लागतो, पण आतल्या वायरींच्या पाइपात पाणी तसंच असतं. आमच्याकडच्या जुन्या विटा एकदा पाणी प्यायल्या की दसरा झाला, दिवाळी झाली, तरी सोडत नाहीत. पहिल्या वर्षी काम शिकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. मला नव्हतं का? होतं. चांगलं होतं. मग — थांबा, क्रमानं सांगतो. मनातल्या मनात हे सांगताना मी दर वेळी इथंच अडखळतो.

अंबादास आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला. त्याची बायको पद्मा घरी विड्या वळायची, मुलगी श्रावणी तेव्हा प्राथमिक शाळेत, आणि अंबादासची आई. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. आमच्या घरात कानडी, त्यामुळे आम्हा दोघांचंही मराठी सारखंच मोडकं, असं तो चिडवायचा. माझ्या लग्नात पंक्तीत वाढायला तो होता. पद्मा मला अण्णा म्हणायची, मुलगी मामा म्हणायची.

त्या वर्षी परतीचा पाऊस असा काही कोसळला की नाला गल्लीतून वाहिला. अंबादासच्या दोन खोल्यांत पाणी शिरलं आणि दिवसभर तसंच थांबलं. ओसरल्यावर घरातल्या बायकांनी चिखल काढला, गाद्या बाहेर टाकल्या, तंबाखूची पोती फेकून दिली. आणि मला बोलावलं.

मी लाईन सोडली की मेनपाशी बसवलेलं एक बटण खाली पडायचं. ते बटण त्यासाठीच असतं — भिंतीत, पाण्यात, माणसाच्या अंगात, कुठंही करंट गळायला लागला की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतं. त्यांच्या घरात ते मीच आग्रह करून बसवलं होतं. अंबादास नको म्हणत होता. मी वर केलं, ते पडलं. पुन्हा वर केलं, पुन्हा पडलं. भिंत ओली आहे, एवढंच ते सांगत होतं बिचारं.

"काय तर कर की अण्णा," अंबादास म्हणाला. "पोरगी अंधारात लई घाबरती."

मी काय म्हणायला हवं होतं? थांब, भिंत वाळू दे, तोवर कंदील लाव, पोरीला माझ्या घरी झोपायला पाठव. एवढंच. पण बाहेर आणखी चार घरचे लोक माझी वाट बघत उभे होते, पद्मानं चहा आणला होता, आणि मल्लूअण्णाला जमलं नाही असं त्या गल्लीत कधी झालं नव्हतं. मी त्या बटणातून दोन्ही वायरी काढल्या आणि एकमेकींना जोडून टाकल्या. आमच्या धंद्यात ह्याला डायरेक्ट करणं म्हणतात. सगळेच करतात — नाही, सगळे करतात का नाही हे मला काय करायचंय? मी केलं.

दिवा लागला. पोरीनं टाळ्या वाजवल्या. अंबादासच्या आईनं माझी अलाबला घेतली. मी कुणाला सांगितलं नाही की लाईन आता डायरेक्ट आहे, कशाला हात लावू नका. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर काम अर्धवट दिसलं असतं. उलट निघताना पद्माला म्हणालो, "पंखा लाव भिंतीकडं तोंड करून, लवकर वाळंल." वाळल्यावर येऊन वायरी जागेवर घालू, असं मनात होतं. मनात काय, पुष्कळ असतं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी फोन आला. मी धावत गेलो. अंबादासनं भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट मागचा चिखल पुसायला म्हणून ओढलं होतं. ओल्या भिंतीतला करंट कपाटात उतरला होता. ते बटण जागेवर असतं तर — ते असतं तर त्याला एक झटका बसला असता आणि त्यानं मला संध्याकाळी शिव्या घातल्या असत्या.

मी पहिल्यांदा मेन बंद केला. माणसांनी त्याला उचलून बाहेर नेलं. गल्ली सगळी रिक्षापाशी गेली, पद्मा ओरडत मागं गेली, आणि खोलीत मी एकटा राहिलो. माझ्या मित्राला रिक्षात घालत होते आणि मी बोर्डापाशी उभं राहून वायरी पुन्हा बटणात घालत होतो. हात थरथरत होते, असं सांगायला मला आवडलं असतं. नव्हते थरथरत. स्क्रू नीट बसले.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मलाही पुष्कळ दिवस तसं वाटलं. माणसाच्या हातून चूक होते, घाबरून तो ती झाकतो — वाईट आहे, पण समजण्यासारखं आहे, नाही का? ह्यापुढचं समजण्यासारखं नाही.

अंबादास सिव्हिलपर्यंतही पोचला नाही. संध्याकाळी चौकशीला पोलिसांची माणसं आली. त्यांनी मेन बंद ठेवूनच बोर्ड बघितला; बटण जागेवर होतं, वायरी नीट होत्या. मग हे झालं कसं? सगळे माझ्याकडं बघायला लागले, जाणता माणूस मीच होतो. खोलीच्या मधोमध पंखा होता, मी सांगितला होता तसा भिंतीकडं तोंड करून, आणि त्याची एक्सटेन्शन ओल्या फरशीवरून गेली होती. मी तिच्याकडं बोट केलं आणि म्हणालो —

"ओल्यात ही एक्सटेन्शन कुणी टाकली?"

मी कुणाचं नाव घेतलं नाही. नुसतं विचारलं. बघा, अजून मी कसा बोलतोय — नुसतं विचारलं! कुणी टाकली हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. बटण जागेवर असलं तर एक्सटेन्शनचा करंटही ते तोडतं, हे माहीत असलेला तिथं मी एकटाच होतो. अंबादासच्या आईनं पद्माकडं बघितलं. पद्मानं वायरीकडं बघितलं. मग ती खाली बसली.

त्या बाईनं तेव्हा तोंड उघडलं असतं की पंखा लावायला अण्णानंच सांगितलं होतं, तर? मी त्या उत्तराची वाट बघत होतो. पुढं काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण ती बोलली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. मला सांभाळायला गप्प राहिली, की आपणच मारलं असं तिला खरंच वाटलं, हे मला कळलेलं नाही. विचारायची माझी छाती नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. तेराव्याच्या आत सासूनं 'माझा पोरगा हिनं मारला' म्हणायला सुरुवात केली. वर्षभरात ती नातीला घेऊन धाकट्या मुलाकडं राहायला गेली. श्रावणी तिथंच मोठी झाली, ते वाक्य रोज ऐकत. सणाला आईकडं यायची ती पाहुण्यासारखी, चप्पल दारात काढून काठावर बसायची. पद्मा त्याच घरात एकटी राहिली. त्या भिंतीला लोणा लागलाय, कितीदा गिलावा केला तरी पोपडे पडतात. ती आजही बटणाला बोट लावत नाही. लाटण्याच्या टोकानं दाबते. दिवा लावायचा असला की लाटणं शोधते, आणि पलीकडं तोंड करून दाबते.

आणि मी? त्या घरचं बारीकसारीक काम मीच करत आलो. पंखा आवाज करतो, मल्लूअण्णाला बोलवा. शेजारणी म्हणायच्या, मित्र गेला तरी माणसानं घर सोडलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं माझी आई म्हणायची. आमच्या गल्लीत राहिलं हो. इतकी वर्षं झाली, काही फुटलं नाही.

मागच्या महिन्यात श्रावणीचा फोन आला. "मामा, आईच्या घरी याल का जरा? तुमच्याशी बोलायचंय." तिचं लग्न ठरलंय, आजी दोन वर्षांपूर्वी वारली, हे मला माहीत होतं. मी निघतानाच ठरवलं — आज सांगायचं. वाटेत वाक्यं जुळवत गेलो. मी लाईन डायरेक्ट केली होती. तुझ्या आईनं काही केलं नाही. दोनच वाक्यं होती. शाळेतल्या पोरासारखी पाठ केली होती.

पद्मा नेहमीच्या जागी बसली होती, मांडीवर सूप, हातात विडीचं पान कापायची कात्री. श्रावणी माझ्यासमोर बसली. उगाच लांबण लावली नाही तिनं.

"मामा, आजी काय म्हणायची ते तुमाला ठाऊक हाय. काकी आजबी म्हणती, आईला मांडवात कशाला बसवती. मला आता लोकांचं ऐकायचं नाही. तुमी तितं होता. खरं सांगा — आईची चूक होती का?"

पद्माची कात्री थांबली. मान वर केली नाही तिनं. तुम्हाला सांगतो, इतकी सोपी वेळ माणसाला पुन्हा मिळत नाही. दार सताड उघडं होतं. 'नाही' म्हणायचं होतं, बाकीचं मागोमाग आलं असतं. तेव्हा मला बायको आठवली, मुलगा आठवला, गल्लीत मान कशी वर करू असं वाटलं — असं सांगितलं तर निदान काहीतरी वाटलं म्हणून सांगता येईल. पण काही आठवलं नाही. तोंडाला सवय झाली होती.

"व्हय," मी म्हणालो.

आणि तिथंही थांबलो नाही. मला चांगलं व्हायचं होतं ना! आवाज मऊ केला आणि म्हणालो, "पण तिला कळलं नाही गं बाळ. घाईत झालं. किती दिवस धरून बसशील? माफ कर आईला."

आणि तिनं केलं. माझ्या डोळ्यांसमोर केलं. उठली, आईच्या मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, तिथं डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडली. "जाऊ दे आई, झालं गेलं," असं म्हणत राहिली. पद्मानं एक हात तिच्या केसांवर ठेवला. जी चूक तिनं केलीच नव्हती तिच्यासाठी तिला माफी मिळाली होती, आणि ती घेताना तिचा चेहरा इतका हलका झाला होता की मला तिकडं बघवेना.

मग तिनं मुलीच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं आणि हात जोडले.

"अण्णा, लई उपकार झाले तुमचे," ती म्हणाली.

श्रावणी डोळे पुसत उठली आणि तिनं चहा टाकला. मी तो प्यायलो. साखर जरा जास्त झाली होती. आणखी अर्धा कप घेणार का, असं तिनं विचारलं, तेव्हा मी कप पुढं केला.