शिंपीकाकांच्या गोगलगाई

"आधी पाणी बघा, मग मासा," हे आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांचं कायमचं बोलणं. दुकानातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्यांनी दोन केशरी मासे जिवापाड जपले होते. पण त्यांच्या म्हाताऱ्या आईची नजर अधू झाली, आणि माशांना खाणं टाकताना तिच्या हाताला माप राहिलं नाही. उरलेलं तळाच्या वाळूत कुजू लागलं. पाणी गढुळलं, मासे वर येऊन धापा टाकू लागले.

"आईंच्या हाती खाण्याचा डबाच देऊ नका," टाकीतले मासे विकणारा मासेवाला काकांना म्हणाला.

"दिवसभरात तेवढाच तर विरंगुळा आहे तिला. उरलेलं खाणारं कुणीतरी द्या," काका म्हणाले.

मासेवाल्याने शंखात राहणारा खेकडा पुढे केला. काकांनी मान हलवली. "हा घरासाठी शेजाऱ्याचाच जीव घेतो. असला भाडेकरू नको मला."

त्यांनी वाळूत दडून राहणाऱ्या मूठभर गोगलगाई निवडल्या. खाण्याचा वास लागला की त्या सोंड उंचावत वाळूतून वर येत आणि सांडलेलं चाटूनपुसून खात. हळूहळू पाणी निवळलं, मासे पुन्हा खाली फिरू लागले.

मग एके दुपारी काचेला नाक लावून बसलेल्या आईला त्या दिसल्या.

"अरे, ही लेकरं उपाशी आहेत रे!" म्हणत तिने डबा आणखी कलता केला.

"झालं! आता पंगत वाढवायला हवी," म्हणत काकांनी कात्री ठेवली, चपला घातल्या आणि आणखी गोगलगाई आणायला ते निघाले.

त्यांच्या चपलांचा आवाज कोपऱ्यावर विरेपर्यंत आई ऐकत राहिली. डबा तिच्या हातातच होता.