झेंडूखालचा पाना

फटफटीच्या तळाचा बोल्ट सोडवायला लागणारा पाना माझ्या घरातच होता. तरी मी लालबाग, गिरगाव, वरळी असा दिवसभर पाना शोधत वणवण फिरलो. हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा. माझी बायकोही हसली होती.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. बंदीहुकूम मोडून ती मोर्चात गेली आणि महिनाभरासाठी ठाण्याच्या तुरुंगात पडली. भेटीला गेलो तेव्हा जाळीपलीकडून तिने दोनच गोष्टी सांगितल्या. "दसऱ्याला सुटणार मी, न्यायला फटफटी घेऊन या. आणि मी नाही म्हणून खंडेनवमीची पूजा चुकवू नका."

फटफटी म्हणजे लष्कराच्या लिलावातला विलायती खटारा. आणला त्या दिवशी ती म्हणाली होती, "ह्याच्यावर मी मेले तरी बसायची नाही." दोन वर्षं बसली नव्हती. आता स्वतःहून बसते म्हणाली, मग मला आणखी काय पाहिजे?

खंडेनवमीला सकाळी आंघोळ करून पाट मांडला. मी गिरणीत फिटर. पाने, हातोडी, कानस सगळं पुसून ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू. मग खाली जाऊन फटफटीच्या तेलात काडी बुडवली. डांबर! महिनाभर जिन्याखाली उभी, आणि त्याआधी तरी मी कधी बदललं होतं? ह्या तेलावर ठाण्याला गेलो तर येताना मुलुंडला इंजिन जाम, आणि तुरुंगातून सुटलेली बायको भर रस्त्यात उभी.

नवं तेल होतं, नरसाळं होतं. तळाचा बोल्ट सोडवून जुनं तेल धरायला तिची परात घेतली. पाना तेवढा पाटावर. हात पुढे केला आणि मागे घेतला. पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. मी काही मोठा देवभोळा नाही. पण तिने सांगितलं होतं.

शेजारच्या मालवणी फिटरकडे गेलो. त्याच्या पाटावर माझ्याच मापाचा पाना, वर फूल. तो ओरडला, "मेल्या, आज हत्याराक हात लावतंस? बायल तुरुंगात गेली ती तुझी अक्कल पण घेवन गेली काय?"

गिरण्यांची यंत्रं विलायती, म्हणून पाने विलायती इंची मापाचे, आणि ते त्या दिवशी लालबाग-परळात दारोदार मांडलेले. पंगत वाढलेली आणि मला तेवढं दाराबाहेर उभं केलेलं. डोकं फिरलं माझं.

ट्राम धरून गिरगावात गेलो. ठाकूरद्वारच्या मेकॅनिकने दाराला तोरण लावून कुलूप घातलेलं. पुढे एका बोहऱ्याचं दुकान उघडं होतं. "एकदम जर्मन माल है, सेठ," म्हणत त्याने कोरा पाना हातात दिला. घरी येऊन बोल्टाला लावला, जोर दिला, तो सटकला. मिलिमीटरचा! बोल्टाचा एक कोपरा घासला, माझी दोन बोटं सोलली. फिटर असून पान्यावरचा आकडा मी वाचला नव्हता. शिव्या मात्र जर्मनांना दिल्या.

मग एकजण आठवला. आमच्या गिरणीत यंत्रांना तेल घालायचा, वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. त्याच्याकडे खंडेनवमी नसणार. हे सकाळीच सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण त्याच्या घरी मी कधी गेलोच नव्हतो. गिरणीत त्यांचा पाण्याचा माठ वेगळा होता, आणि तेव्हा मला ते खटकत नव्हतं. खोटं कशाला लिहू?

दारात उभं राहून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुमचा पाना रजेवर. आमचा कामावर आहे, घेऊन जा." मग माझ्याकडे बघत मुद्दाम विचारलं, "चहा घेणार का आमच्याकडे?"

घेतला.

"सकाळी लवकर परत आणा. उद्या आमचा मोठा दिवस, घरी कुणी नसेल."

अंधार पडायच्या आत बोल्ट सुटला. सकाळी पाना पोचवला आणि तसाच ठाण्याला गेलो. ती पदर खोचून मागे बसली, माझा खांदा घट्ट धरला. मुलुंड आलं आणि गेलं. शीव आलं. मग म्हणाली, "जरा जोरात घ्या की."

घरी येऊन तिने पाट बघितला, मग परात. "ही काळी कशानं झाली?" मी सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "अहो, हात जोडून उचलायचा होतात तो पाना! पूजा करा म्हटलं होतं मी, अक्कल पाटावर मांडा नव्हतं म्हटलं." आणि हसत सुटली. मला असा राग आला की दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ते दोन दिवस आता फुकट गेले असं वाटतं.

ती जाऊन आठ महिने झाले. ह्या खंडेनवमीला पाट मी मांडला, पाना ठेवला, वर झेंडू. दुपारी मोरीतल्या नळाचा नट ढिला झाला. पाना दोन हातांवर. मी उचलला नाही. नळाखाली बादली लावली आणि तिथेच बसून राहिलो, कुणीतरी माझी अक्कल काढेल म्हणून.

बादली भरली. कुणी काढली नाही.