बस्त्यावशेठची रांग

पाचूबंदरच्या बर्फाच्या कारखान्यात बस्त्यावशेठ रोज यायचा तो आपण येत नाही हे सांगायला. आवाज असा की तो बोलला की लाद्यांना तडे जायचे. "मी इथं नाय हां. मालक देवासारका पायजे. असतो, पन दिसत नाय." मी त्याचा मॅनेजर, आणि त्या देवावर पहिल्या दिवसापासून माझा विश्वास नव्हता. माणूस एवढा थंड, की त्याने हात लावला तर बर्फालाच हुडहुडी भरायची.

वेड एकच: कारखाना मालकाशिवाय चालला पाहिजे. त्यासाठी त्याने भिंतीवर नियम रंगवून घेतले. भिंत पुरली नाही म्हणून उरलेले छतावर गेले आणि ते वाचता वाचता आमच्या माना कायमच्या वर राहिल्या. पहिला नियम असा: बर्फ रांगेनेच मिळेल, शेठचं नाव सांगणाऱ्यालाही.

मग तो खरोखरच यायचा थांबला. दोन वर्षं कारखाना माझ्या जिवावर चालला, असं मी थेट नायगावपर्यंत सांगत सुटलो.

एका दुपारी शेठ घामाघूम होऊन आला. पुतणीचं लग्न, अंगणात सुरमईचा ढीग आणि घरातला बर्फ संपलेला. पुढे आठ नाखवे उभे. मी भिंतीकडे बोट दाखवलं. तो निमूट रांगेच्या टोकाला गेला. तासाभराने त्याचा नंबर लागला, तोवर सुरमईचा वास लांबच्या एव्हरशाईन कॉलनीत सातव्या मजल्यापर्यंत पोचला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मला काढलं.

"रांगेत उबा केलास म्हनून नाय," तो म्हणाला. "मला बगून हसलास. भिंत हसते काय?"

कारखाना आता आठवड्यात बंद पडतो की नाही बघा, असं मी साऱ्या बंदरावर सांगितलं आणि रोज धक्क्यावर बसून वाट पाहिली. एक लादी कमी निघाली नाही. कारखान्याने केलेला हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

गेल्या मे महिन्यात शेठ गेला. मुलगा कॅनडाहून पोचेपर्यंत देह बर्फात ठेवायचा होता. बर्फ आणायला मीच निघालो. का, ते विचारू नका. नाखव्यांनी ओळखलं, म्हणाले, शेठसाठी ना, पुढं व्हा. मी पुढे झालो आणि खिडकीत शेठचं नाव सांगितलं.

नव्या मॅनेजरने भिंतीकडे बोट दाखवलं. हसला मात्र नाही.