स्टोअरवाल्या काकांची अकरा हजार पावलं

खुर्च्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात एकाच माणसाला खुर्ची नव्हती, स्टोअरवाल्या काकांना. एकोणतीस वर्षं त्यांना तिची गरजच पडली नाही. कुणी स्क्रू मागायला यायच्या आत हेच मूठभर स्क्रू घेऊन निघत. सुताराकडून रंगाऱ्याकडे, तिथून पॅकिंगवालीकडे, दिवसभर फिरत. "तुमच्या पायाला भिंगरी आहे," असं बायको म्हणायची, आणि खरंच होतं ते.

मग लीन मॅनेजमेंटवाले साहेब आले. वाया जाईल ते काढून टाकायचं, हा त्यांचा एककलमी कार्यक्रम. त्यांनी काकांच्या पट्ट्याला पावलं मोजायचं यंत्र अडकवलं आणि संध्याकाळी आकडा बघून कपाळाला हात लावला. अकरा हजार! सगळी वाया! दुसऱ्या दिवशी स्क्रूचे डबे हाताच्या अंतरावर आले, मधोमध खुर्ची आणि खुर्चीत काका. स्क्रू न्यायला सरकता पट्टा. यंत्रात शून्य. ते शून्य साहेबांनी मोठ्या कौतुकानं मुख्य कचेरीला कळवलं. तिकडून उत्तर आलं, की नुसता बसून राहणारा माणूस हवा कशाला? महिनाअखेर काढा.

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

इकडे कारखान्यात भलतंच सुरू झालं. ओल्या लाकडावर रंग चढला आणि सोलून निघाला. एका खुर्चीला पाच पाय लागले आणि तपासनिसानं 'पाय पुरेसे' असा शेरा मारला. साहेबांनी एकेक विभाग तपासला. सगळे चोख!

"सगळं सुधारलं, मग बिघडलं काय?" ते काकांपाशी येऊन करवादले.

"साहेब, चौघांनी चार पाय झकास कापले, तरी एकाचं माप दुसऱ्याला माहीत नको? लाकूड ओलं आहे हे रंगाऱ्याला मी सांगायचो. स्क्रू हे नुसतं निमित्त हो."

साहेब चपापले. सुट्या भागांपेक्षा त्यांच्यातलं नातं मोठं, असं व्यवस्थांच्या शास्त्रात एक प्रकरण होतं. ते त्यांनी परीक्षेत ऑप्शनला टाकलं होतं. पण शून्य तर कळवून झालेलं, आता काका चालणार कसे? साहेबांनी खुर्चीला चाकं लावली आणि स्वतःच ढकलायला लागले. नियम म्हणजे नियम, म्हणून आपल्याही पट्ट्याला यंत्र लावलं.

आठवड्यात खुर्च्या चार पायांवर आल्या. साहेबांनी वर कळवलं, काका हवेतच, आणि नियमाप्रमाणे दोन्ही यंत्रांचे आकडेही जोडले. उत्तर आलं, 'राहू द्या. पण रोज अकरा हजार पावलं वाया घालवणारा हा दुसरा कोण? त्याला काढा.'

साहेब मटकन खाली बसले. खुर्चीत काका होते, म्हणून जमिनीवरच.

काका उठले. गुडघे कुरकुरले. त्यांनी साहेबांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि आपलं यंत्र काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आता दोन्हीकडे शून्य," असं म्हणत काकांनी खुर्ची ढकलली, आणि लांबूनच सुताराला हाक मारली, "काय रे, लाकूड वाळलं का?"